बिब्याच्या वळणाचा राखणदार

खोटं बोलायला मला खात्यानं शिकवलं नव्हतं. ते मी माझ्याच अकलेनं बोललो, आणि रस्त्याच्या भल्यासाठी बोललो. हे आधीच सांगून मोकळा होतो. नंतर कुणी म्हणायला नको की भिमाजी हवालदार स्वतःचं पाप वरच्या साहेबांच्या माथी मारतो.

छप्पन सालची गोष्ट. मुंबई-पुणे रस्त्यावर दापोडीपासून वडगावपर्यंत गस्तीला आम्ही दोघंच होतो. हवालदार मी, आणि शिपाई मीरासाहेब. नाव बघा! खात्यात वरचा मी, आणि दिवसातून शंभर वेळा साहेब म्हणायचं ह्या चोवीस वर्षांच्या पोराला. मी त्याला मिऱ्याच म्हणायचो. तळेगावच्या एका फिटरचा मुलगा. बाप गेलेला, घरी आई नूरबी आणि हा, बस्स. आमच्या मोटारसायकलीला बाजूला डबा जोडलेला होता. चालवायचा तो आणि डब्यात बसायचो मी, मांडीवर औषधाची पेटी आणि पायाशी चुन्याची बादली घेऊन. गावातली पोरं हसायची. "हवालदार पाळण्यात बसलाय," म्हणायची, आणि मी उतरून मागं लागलो की पळायची.

काम काय होतं म्हणाल, तर रस्त्यावर माणूस मरू द्यायचा नाही, एवढंच. ऐकायला सोपं वाटतं. चाकणचा कांदा भरून तळेगाव स्टेशनाकडं निघालेला गाडीवान बैलांच्या भरवशावर झोपायचा, त्याला उठवून गाडी डाव्या अंगाला घ्यायला लावायची. लॉरी थांबवून ड्रायव्हरला ब्रेक दाबायला सांगायचा आणि मिऱ्यानं खाली वाकून बघायचं. झाडांच्या बुंध्यांना चुन्याचे पट्टे मारायचे. देहूरोडचे लष्करी ट्रक ओळीनं निघाले की शाळेची पोरं एका बाजूला धरून ठेवायची. कुणाची मोटार बंद पडली तर धक्का मारायचा. मी शिव्या देऊन काम करून घ्यायचो, मिऱ्या गोड बोलून. काम दोघांचंही व्हायचं, पण लोक चहा त्याला पाजायचे.

देहूरोड आणि शेलारवाडीच्या मध्ये बिब्याचं वळण होतं. एका अंगाला कापलेली टेकडी, दुसऱ्या अंगाला ओढा, आणि मुंबईकडून येणाऱ्याला लांबलचक उतार. वळणापलीकडचं काही म्हणता काही दिसायचं नाही. खात्यानं 'सावकाश' अशी पाटी लावली होती. ज्यांनी वाचायची त्या ड्रायव्हरांना वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना वाचता येत होतं ते मोटारीत मागच्या सीटवर घोरत असायचे.

माघात तिथं ज्योतीराम गेला. शेलारवाडीच्या सुभद्राबाईचा एकुलता एक मुलगा. नवरा केव्हाच वारलेला, बाईनं लोकांच्या खळ्यावर राबून पोर वाढवलं. पिंपरीच्या औषधाच्या कंपनीत लागून त्याला तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. सकाळच्या शिफ्टला सायकलवरून निघाला होता. मागून उतारावरनं आलेल्या लॉरीला वळणावर सायकल दिसली तेव्हा उशीर झाला होता. आम्ही पोचलो तेव्हा पोर संपला होता. त्याच्या डब्यातली भाकरी मिऱ्यानं गोळा करून फडक्यात बांधली आणि आईच्या हातात दिली.

तेरावा झाला आणि बाई रोज वळणावर येऊन बसायला लागली. बसायची कुठं, तर पोर पडला तिथंच, डांबरावर. आम्ही दोन्ही दंडांना धरून उठवायचो, आमची पाठ फिरली की परत यायची.

"लेकराच्या अंगावरनं गाड्या जात्यात, हवालदार," ती म्हणायची. "मी बसले तर बाजूनं जातील."

आता अशा बाईला काय दम देणार? माझ्यासारख्या खवीसाचीसुद्धा जीभ उचलत नव्हती. शेवटी एक दिवस मीच ओढ्यात उतरलो, एक चांगला गोल दगड उचलून आणला आणि बिब्याच्या झाडाखाली कडेला मांडला. म्हटलं, "बाई, तुमचा ज्योतीराम आता इथं. डांबरावर नाही. बसायचं तर इथं बसायचं." ती दगडाकडं बघत राहिली. मग पदरानं त्याच्यावरचा चिखल पुसला. दुसऱ्या दिवशी त्याला शेंदूर लागला होता.

"बेस केलंत, हवालदारसाहेब," मिऱ्या म्हणाला. मलाही तसंच वाटलं. बाई डांबरावरून उठली, झाड तिच्या डोक्यावर आलं, माझं काम झालं.

चैत्रात नगरकडचा सरदार नावाचा एक लॉरीवाला आम्ही त्याच वळणापुढं अडवला. उतारावरनं असा आला होता जसा काही बापाचा रस्ता. मी त्याला धू धू धुतला, पण हा बाबा हसतोय. वर मला विचारतो, "हवालदारसाहेब, तो शेंदराचा दगड कुणाचा?"

माझं डोकं फिरलं. आणि तोंडातून निघून गेलं, "इथं एक पोरगा गेलाय लॉरीखाली. तो हे वळण राखतो. हळू जाईल त्याला काही करत नाही. जोरात जाईल त्याचा पुढच्या उताराला ब्रेक उतरतो. दोघांचे उतरलेत. तुझी मर्जी."

सरदारचं हसू पार गेलं. त्यानं मुंडी हलवली, कानाला हात लावला आणि गाडी अशी नेली जशी नवरीची डोली.

मिऱ्या माझ्याकडं बघत होता. "दोघांचे कधी उतरले?"

"उतरतील," मी म्हणालो, आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. हो, हसलो. देवाला ठाऊक आहे.

मग काय, मला चटकच लागली. अडवलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला हीच गोष्ट, दरवेळी थोडं तिखटमीठ जास्त. रस्त्यावरची माणसं चहाच्या टपरीवर काय बोलतात ते तारेपेक्षा लवकर पोचतं. दोन महिन्यांनी कामानं पनवेलला गेलो तर तिथल्या टपरीवर लोक मलाच ती गोष्ट सांगायला लागले. आणि वळणावर गाड्या खरोखर हळू व्हायला लागल्या! पाटीनं जमलं नाही, दंडानं जमलं नाही, ते ओढ्यातल्या एका दगडानं केलं. मी मिशीला पीळ देत डब्यात बसायचो.

आषाढात सुभद्राबाई चौकीवर आली. धापा टाकत उंबऱ्यातच बसली.

"हवालदार, लोक म्हणत्यात माझा ज्योती गाड्या राखतो. खरं हाय व्हय?"

मिऱ्यानं माझ्याकडं बघितलं. बाईची पार काडी झाली होती. माघापासून डोक्याला तेल नाही, धड जेवण नाही. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला सांगता येत नाही, पण नाही म्हणणारा माणूस मी नव्हतो. मी नोंदवही काढली, तिच्यापुढं उघडली. "हे बघा. चैत्रापासून त्या वळणावर एका माणसाला खरचटलंसुद्धा नाही. सरकारी कागद आहे हा. खरं नाही तर काय?"

बाईला अक्षर येत नव्हतं. तिनं त्या पानावर हात ठेवला आणि हात कपाळाला लावला. "ल्हानपणी बी दुसऱ्याचीच गुरं राखायचा," म्हणाली, आणि हमसून हमसून रडली. त्या दिवसापासून ती जेवायला लागली. वेणी घालायला लागली. ड्रायव्हर लोक तिला आई म्हणायला लागले. आता सांगा, मी पाप केलं की पुण्य? त्या वेळी विचारलं असतं तर छाती फुगवून पुण्य म्हणालो असतो.

श्रावणात गोष्ट बिघडली. आधी गाड्या हळू व्हायच्या, त्या आता थांबायला लागल्या. कुणी नारळ फोडायचा, कुणी लिंबू वाहायचा, कुणी क्लीनरला हार घेऊन खाली उतरवायचा. आणि थांबायचे कुठं? दगडासमोर, ऐन वळणात, अर्धी लॉरी डांबरावर ठेवून. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

मिऱ्यानं ते पहिल्यांदा बोलून दाखवलं. "हवालदारसाहेब, हळू होणं वेगळं आणि थांबणं वेगळं. मागून एखादा नवखा आला, त्याला काही ठाऊक नसलं, तर सरळ घुसेल. दगड दोन फर्लांग पुढं नेऊया, सपाटीला. तिथं गाड्या कडेला लावायला जागा आहे."

"आणि बाईला काय सांगू? तुझा पोर उचलून लांब टाकतो म्हणून?"

"खरं सांगा. गोष्ट तुम्ही रचली म्हणून सांगा. नाहीतर ती दगड हलवू देणार नाही. तिच्या मते तो तिथं उभा आहे म्हणून गाड्या वाचतात."

बरोबर बोलत होता. शंभर टक्के बरोबर. आणि म्हणूनच मला झोंबलं. मी त्याच्या अंगावर धावलो, "तू मुसलमानाचा पोर, तुला रे काय कळतं आमच्या देवाचं?"

तो मोटारसायकलीचा आरसा पुसत राहिला. मग हळूच म्हणाला, "दर्ग्यालासुद्धा लोक गाडी कडेला लावूनच जातात, साहेब."

त्या दिवसापासून मिऱ्या मला शिकवायला आला नाही. गस्त संपली, की घरी जायच्या आधी संध्याकाळपर्यंत स्वतः वळणाच्या अलीकडं लाल निशाण घेऊन उभा राहायचा, मागून येणाऱ्यांना थोपवायचा. ना कुणी हुकूम दिला होता, ना भत्ता होता. मी त्याला बघायचो आणि न बघितल्यासारखं करायचो. रोज ठरवायचो, आज बाईला सांगू. गेलो की ती म्हणायची, "या हवालदार, आज सोळा गाड्या थांबल्या," आणि मी तसाच परत फिरायचो. खोटं एका दमात बोललो होतो, खऱ्याला मुहूर्त सापडत नव्हता.

सर्वपित्री अमावस्या आली. पितरांना जेवू घालायचा दिवस, आणि त्यात अमावस्या, म्हणजे लॉरीवाल्यांचाही पूजेचा दिवस. सकाळीच मी मिऱ्याला म्हणालो, "आज सांगतोच. आज नाही सांगितलं तर नावाचा भिमाजी नाही."

तो खुलला. कित्येक दिवसांनी त्यानं माझ्या खांद्याला हात लावला. "तुम्ही निवांत बोला. गाड्यांचं मी बघतो."

दुपारी बारा-साडेबाराला वळणावर पोचलो तर पाच लॉऱ्या एकामागं एक उभ्या. शेवटच्या लॉरीचं मागचं अंग वळणाच्या बाहेर उतारावर आलेलं. मिऱ्या निशाण घेऊन चढ चढत पळाला. मी झाडाखाली गेलो. सुभद्राबाईनं पानं मांडली होती. दगडाला एक, मला एक. खीर, वडे, आमसुलाची चटणी.

"बसा, हवालदार. आज तुमच्या तोंडात घास पडला म्हंजी त्याला पोचलं. तुमीच त्याला हितं जागा दिलीत."

मी बसलो. म्हटलं, "सुभद्राबाई, एक बोलायचं आहे."

"आधी खावा. आन् त्या पोराला बी हाक मारा की. वडं गार व्हत्यात."

"येईल तो," मी म्हणालो, आणि वडा तोंडात घातला. बोलायचं टळलं म्हणून मला बरं वाटलं. खरं सांगतो, अगदी मनापासून बरं वाटलं. दुसरा वडा उचलला तेवढ्यात वरून ब्रेकची किंचाळी आली, मग मिऱ्याची हाक, "थांबव! थांबव!" आणि मग एक धप्प असा आवाज. मोठासुद्धा नव्हता.

भरलेली लॉरी होती. ड्रायव्हर ह्या रस्त्यावर पहिल्यांदाच आलेला. निशाण दिसलं, त्यानं ब्रेक दाबला, गाडी थांबेना. उभ्या लॉरीला वाचवायला त्यानं गाडी कडेला घेतली आणि कडेला मिऱ्या होता. उभ्या लॉऱ्यांतल्या दहा-बारा माणसांतलं एकही मेलं नाही. आरडाओरडा ऐकून सगळी बाजूला पळाली होती.

मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. औषधाची पेटी उघडली आणि त्यातलं काय काढायचं तेच मला सुचेना. वीस वर्षं मी ती पेटी सांभाळत होतो. हाताला वड्याचं तेल होतं, बाटलीचं बूच निसटत होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं. "सांगितलंत?" एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. तेही खोटंच.

संध्याकाळी त्याला तळेगावला नेलं. नूरबी रडली नाही. दारात उभी राहून तिनं मला एकच विचारलं, "सकाळी न खाताच निघाला होता. तुम्ही दोघं एकत्र होतात ना? काही खाल्लं होतं का माझ्या पोरानं?" मी मान खाली घातली आणि तशीच ठेवली. त्यापेक्षा तिनं थोबाडीत मारली असती तर सोसली असती.

तिसऱ्या दिवशी मी शेलारवाडीला गेलो. सुभद्राबाई घरात भिंतीला टेकून बसली होती. चूल गार होती. मी उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता सगळं ओकून टाकलं. दगड मी ओढ्यातून आणला. ब्रेक कुणाचे उतरले नाहीत. वळण राखणारं कुणी नव्हतं, लोक नुसते भीत होते. गोष्ट माझी, लबाडी माझी, आणि मीरासाहेबाचा जीव माझ्या लबाडीनं घेतला.

तिनं ऐकलं की नाही कळेना. तिनं विचारलं, "त्याला आई हाय?"

"आहे. तळेगावला. नूरबी म्हणून."

"आनखी लेकरं?"

"नाही. एकच होता."

ती उठली. पदर खोचला आणि चालायला लागली. मी मागून. वळणापर्यंत दोन मैल ती तशीच तरातरा चालली. दगडासमोर उभी राहिली, आणि मग जी बरसली! आयुष्यात मी शिव्या पुष्कळ दिल्या, पण तशा ऐकल्या नाहीत.

"मुडद्या! राखायला बसवला व्हता न्हवं तुला? दुसरीचं एकुलतं एक लेकरू खाल्लंस? तुझ्यासाठी उनात हुबं ऱ्हायचं ते पोर, तुझी भाकरी गोळा केली त्यानं, आन् त्यालाच? डोळं फुटलं व्हतं तुझं?"

"सुभद्राबाई, अहो, पोराचा दोष नाही! मी सांगतोय ना, मी रचलं ते!" मी तिच्या पायाशी बसलो, हात जोडले, टोपी काढून ठेवली. ती बघेना. तिनं दोन्ही हातांनी दगड उपटला, नख तुटून रक्त आलं, मी पुढं झालो तर कोपरानं ढकललं. मला जो पेलताना घाम फुटला होता तो दगड त्या काडीसारख्या बाईनं उचलून ओढ्यात फेकला. हार, नारळाच्या कवट्या, पणती, सगळं पायानं लोटलं. मग घरी गेली. मागं वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी लॉरीवाल्यांना सांगायला लागलो, गोष्ट खोटी होती, थांबू नका. हे मात्र कुणी लवकर ऐकलं नाही. महिनाभर मी एकटाच निशाण घेऊन तिथं उभा राहिलो, तेव्हा कुठं थांबणं बंद झालं. पुढं वरच्या साहेबांनी टेकडी आणखी कापून घेतली. वळण स्वच्छ झालं.

वर्षानं देहूरोडच्या बाजारात सुभद्राबाई दिसली. पुन्हा काडी झाली होती. कुणी बाई तिला ज्योतीरामची आई म्हणून हाक मारत होती आणि ही ओ देत नव्हती. शेलारवाडीची माणसं म्हणाली, घरात त्याचं नाव काढू देत नाही, ह्या सर्वपित्रीला त्याचं पानसुद्धा मांडलं नाही. ते ऐकून भर बाजारात मी तिला गाठलं. "बाई, माझ्यावर थुंका, पण पोराला माफ करा. त्यानं काही केलं नाही. देवाशपथ, ती गोष्ट मी रचली होती."

तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"हवालदार, तुमी लई भला मानूस," ती म्हणाली. "पर माझ्या पोराचा गुन्हा सोताच्या अंगावर घेऊ नगा."